जड डोंग्याला आऊटबोर्ड मोटर बसवताना: आधी पंखा, मग हॉर्सपॉवर

गोसेखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमच्या शिवाराचे दोन तुकडे झाले. गाव एका काठावर आणि वावराचा वाचलेला भाग दुसऱ्या काठावर. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा आणि पाण्यावरून जेमतेम दोन किलोमीटर. कुही आणि भंडाऱ्याच्या मधल्या या बुडीत पट्ट्यात अशी बरीच गावं आहेत. मी लोखंडी पत्र्याची, सपाट बुडाची नाव वेल्डरकडून करून घेतली. धानाचे कट्टे, तणस, खताची पोती, कधी मोटारसायकल आणि चार माणसं असा तिचा रोजचा भार. दोन वर्षं ती बांबूने आणि वल्ह्याने चालवली. मग आऊटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून टांगायची मोटर घेतली, आणि चुकीची घेतली.

पहिली मोटर पंधरा हॉर्सपॉवरची, किनारपट्टीवरून आलेली जुनी दोन-स्ट्रोक होती. विकणाऱ्याने सांगितलं, "पंधरा घोडे आहेत, तुमची नाव उडेल." नाव उडाली नाही. इंजिन पूर्ण मुठीवर, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, घुसमटल्यासारखं घुमायचं, प्लग आठवड्याला काळे व्हायचे, तासाला पाच लिटरच्या आसपास पेट्रोल जायचं आणि वेग ताशी आठ किलोमीटरच्या वर जाईना. मी वर्षभर कार्ब्युरेटरला दोष देत राहिलो. दोष पाण्यातल्या पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये होता.

त्या वर्षात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. तुमची नाव मासेमारीची असो, रेतीघाटाजवळची मालवाहू असो की पर्यटकांची, जड आणि संथ असेल तर हिशेब हाच राहतो.

१. मोटर खरंच लागते का, ते आधी बघा

मामा (माजी मालगुजारी) तलावावर शिंगाडा काढायला किंवा जाळं टाकायला जात असाल तर आऊटबोर्ड घेऊ नका. तिथे पाणी उथळ, कमळाची मुळं, शिंगाड्याची वेल आणि गाळ. आऊटबोर्डचा पंखा पाण्यात अर्धा मीटर खाली फिरतो, त्यामुळे तो सतत अडकणार. तिथे बांबू आणि वल्हंच बरं. मोटर हवीच असेल तर लाँगटेल बघा. हवेवर थंड होणारं छोटं इंजिन, त्याला लांब दांडा आणि टोकाला पंखा. दांडा वर उचलला की खुंटावरून, वेलीवरून नाव पुढे जाते. मात्र तिला बहुधा रिव्हर्स नसतो आणि आवाज खूप.

खोल, मोकळं पाणी असेल, रोजच्या फेऱ्या असतील आणि भार टनाच्या वर असेल तर पुढे वाचा.

२. नावेचं खरं वजन काढा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "नाव किती फुटांची?" जड नावेसाठी हा प्रश्न अपुरा आहे. लांबी सारखी असून एक नाव चारशे किलोची आणि दुसरी अडीच टनांची असू शकते. मोटरला वजन ढकलायचं असतं.

वजनकाट्यावर नाव नेता येत नाही, पण पाणी स्वतःच काटा आहे. नाव जितकं पाणी बाजूला सारते तितकंच तिचं वजन. एक घनमीटर गोडं पाणी म्हणजे एक हजार किलो. नेहमीचा भार भरा, शांत पाण्यात उभी करा आणि तीन मापं घ्या: पाण्याच्या रेषेवरची लांबी, तिथलीच रुंदी आणि बूड पाण्यात किती खोल आहे ते. तिन्हींचा गुणाकार करा. सपाट बुडाची पण टोकांना निमुळती नाव असेल तर त्याला ०.८ ने गुणा. टोकं जास्त निमुळती असतील तर ०.७ धरा.

माझा हिशेब असा: लांबी ७ मीटर, रुंदी १.८ मीटर, भरल्यावर बुडलेली खोली २५ सेंटीमीटर. ७ × १.८ × ०.२५ × ०.८ म्हणजे २.५२. भरलेली नाव अडीच टनांची. रिकामी असताना तीच दहा सेंटीमीटर बुडते, म्हणजे साधारण एक टन.

मोटर निवडताना भरलेल्या नावेचाच आकडा धरा. बहुतेक लोक रिकाम्या नावेवर चाचणी घेऊन खूश होतात आणि सुगीच्या दिवसांत फसतात.

३. नावेची वेगमर्यादा मान्य करा

पाणी कापत जाणाऱ्या नावेला तिच्या लांबीने ठरवलेली मर्यादा असते. नाव पुढे जाताना लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाट नावेइतकी लांब झाली की नाव आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते, नाकाड वर जातं आणि पुढे जायचं म्हणजे चढ चढल्यासारखं होतं. त्यानंतर ताकद कितीही लावा, पेट्रोल जळतं आणि लाटा मोठ्या होतात.

ही मर्यादा काढायला सोपं सूत्र आहे. पाण्याच्या रेषेवरची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.५ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. सात मीटरला वर्गमूळ २.६५, म्हणजे मर्यादा ताशी सुमारे १२ किलोमीटर. नऊ मीटरच्या नावेला साडेतेरा.

परवडणारा वेग याच्या तीन चतुर्थांश. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या जवळपास वाढते. वेग सव्वापट केला की ताकद जवळजवळ दुप्पट लागते. ताशी नऊऐवजी अकराने गेलात तर दोन किलोमीटरच्या फेरीत अडीच मिनिटंही वाचत नाहीत आणि पेट्रोल मात्र भसाभस जातं. छोट्या हलक्या फायबर बोटी ज्या पाण्यावर चढून पळतात, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्याकडे बघून आपल्या नावेची मोटर निवडू नका.

४. हॉर्सपॉवर ठरवा

संथ, जड नावेला शांत पाण्यात टनामागे दोन ते तीन हॉर्सपॉवर पुरतात. वारा, लाटा किंवा नदीचा प्रवाह असेल तर चार धरा. माझ्या अडीच टनांना साडेसात पुरे झाले असते. पण जेठाच्या दिवसांत जलाशयावर दुपारी वारा सुटतो आणि पत्र्याच्या उंच बाजू वारा झेलतात, म्हणून मी ९.९ धरली. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर जोराच्या प्रवाहात जायचं असेल तर हॉर्सपॉवर वाढवून काही उपयोग नाही. त्या दिवशी नाव काठालाच बांधून ठेवा.

जास्त घोडे घेतल्याने तोटा काय? मोटर जड होते, नावेचं शेपूट खाली बसतं, मागची फळी जास्त मजबूत करावी लागते. आणि मोठ्या मोटरबरोबर येणारा पंखा बहुधा वेगवान नावेसाठीचा असतो. मी फसलो तो तिथे.

५. गिअर आणि पंखा: सगळा खेळ इथे आहे

आमच्या गावात एक वयस्क ढिवरकाका आहेत. जन्म पाण्यावर गेला. माझी पंधराची मोटर घुसमटत होती तेव्हा ते काठावर उभे होते. म्हणाले, "जड डोंग्याले रुंद वल्ला लागते, बाबू. लंबा हात मारून डोंगा सरकत नाही, पानी फाटते." पंख्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे, पण ते समजायला मला आणखी सहा महिने लागले.

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. सव्वानऊ × दहा लिहिलं असेल तर पंख्याचा घेर सव्वानऊ इंच व्यासाचा, आणि पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात तो दहा इंच पुढे गेला असता. पाणी घट्ट नसतं. पंखा मागे घसरतो. या घसरीला स्लिप म्हणतात.

पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून नाव पुढे जाते. तेवढाच रेटा दोन प्रकारे मिळतो. थोडं पाणी जोरात फेकायचं, किंवा पुष्कळ पाणी हळू ढकलायचं. दुसऱ्या प्रकारात इंधन बरंच कमी वाया जातं, कारण जोरात फेकलेल्या पाण्याबरोबर ताकदही निघून जाते. वेगवान बोटीला लहान, जास्त पिचचा पंखा चालतो, कारण ती स्वतःच पाण्यावर पळत असते. आपल्या नावेला मोठा व्यास आणि कमी पिच लागतो. म्हणजे रुंद वल्हं आणि आखूड हात.

आता गिअर. मोठा पंखा फिरवायचा तर इंजिनचा वेग जास्त उतरवावा लागतो. साध्या ९.९ किंवा १५ च्या मोटरमध्ये गिअरचं प्रमाण बहुधा २.०८ ला १ असतं. म्हणजे इंजिनचे २.०८ फेरे झाले की पंख्याचा एक. हाय थ्रस्ट नावाच्या प्रकारात हे प्रमाण जास्त असतं. यामाहाच्या टी ९.९ मध्ये ते २.९२ ला १ आहे. त्यामुळे तिला सुमारे पावणेबारा इंच व्यासाचा पंखा बसतो, साध्या ९.९ ला सव्वानऊच्या आसपास. हॉर्सपॉवर तेवढीच, पण रेटा आणि रिव्हर्सची पकड दोन्ही वेगळी. जड नाव काठाला लावताना रिव्हर्सची किंमत कळते.

आपल्याकडे शंकरपट बघणाऱ्याला हे लगेच पटेल. पटाची जोडी वाऱ्यासारखी पळते, पण चिखलणीला तीच जोडी जुंपली तर दोन फेऱ्यांत धाप लागते. चिखलणीचे बैल हळू चालतात आणि दिवसभर ओढतात. साधा गिअर आणि जास्त पिच म्हणजे पटाची जोडी. माझ्या नावेला चिखलणीची जोडी हवी होती.

आकडे मांडून बघा. पंख्याचा कागदावरचा वेग असा निघतो: इंजिनचे मिनिटाचे फेरे भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले पिच इंचांत, गुणिले ०.००१५२४. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये.

माझी जुनी मोटर: ३७०० फेरे, गिअर २.०८, पिच १०. कागदावर वेग ताशी २७ किलोमीटर. प्रत्यक्षात ८. म्हणजे घसर ७० टक्के. पंखा पाणी नुसता फाडत होता, काका म्हणाले तसंच.

नवी हाय थ्रस्ट मोटर: ५३०० फेरे, गिअर २.९२, पिच ७. कागदावर ताशी १९ च्या थोडं वर. प्रत्यक्षात साडेनऊ. घसर निम्म्याच्या आसपास. जड नावेला ४० ते ६० टक्के घसर नेहमीची, तिला दोष मानू नका. गंमत बघा, दोन्ही मोटरींचा पंखा मिनिटाला जवळपास तेवढेच, अठराशेच्या आसपास फेरे मारत होता. फरक व्यासाचा आणि पिचचा. आता रोजच्या चालीला मूठ तीन चतुर्थांश ठेवतो आणि तासाला अडीच लिटर पेट्रोल लागतं.

हाय थ्रस्ट मिळालीच नाही तर? तुमच्याच मोटरला बसणारा सगळ्यात कमी पिचचा पंखा मागवा. मी पंधराच्या मोटरला आधी तेच केलं होतं, १० काढून ७ लावला. फेरे ३७०० वरून ४४०० वर गेले, प्लग स्वच्छ राहू लागले आणि पेट्रोल कमी झालं. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, हा अंदाज धरून चाला. जड नावेत थोडे जास्तही वाढतात. इंजिनाच्या किमतीपुढे पंख्याची किंमत अगदी कमी आहे, आणि सुधारणा सगळ्यात जास्त तिथेच होते.

इथले सापळे:

पंखा विकत घेण्याआधी मोटरच्या शाफ्टवरचे दाते मोजा. प्रत्येक कंपनीचे, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचेही दाते वेगळे असतात. मोटरचा मॉडेल नंबर सांगूनच पंखा मागवा.

मोठा व्यास हवा म्हणून वाटेल तो पंखा बसत नाही. वर असलेल्या आडव्या पत्र्याला, म्हणजे कॅव्हिटेशन प्लेटला, पात्याचं टोक लागता कामा नये, मधे बोटभर तरी जागा हवी.

लेथवर नेऊन पाती कापू नका. तीनही पाती सारखी कापली जात नाहीत, मग कंप सुरू होतो आणि गिअरबॉक्सचं सील जातं.

स्टीलचा पंखा मजबूत म्हणून आपल्या बुडीत क्षेत्रात लावू नका. पाण्याखाली मोहाचे, आंब्याचे, बाभळीचे खुंट उभे आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा खुंटावर आपटला तर पातं वाकतं. स्टीलचा वाकत नाही, मार आत गिअरला बसतो.

६. शाफ्टची लांबी आणि मागची फळी

मोटर तीन लांबीत येतात: शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच, एक्स्ट्रा लाँग २५ इंच. नावेच्या मागच्या फळीची उंची मधोमध मोजा, वरच्या काठापासून बुडापर्यंत. ३८ सेंटीमीटर असेल तर शॉर्ट, ५१ असेल तर लाँग. कॅव्हिटेशन प्लेट बुडाच्या खाली दोन ते पाच सेंटीमीटर राहिली पाहिजे. बोथट शेपटीच्या जड नावेला पाच सेंटीमीटरच ठेवा, कारण फळीच्या मागे फेसाळ पाणी साचतं आणि पंखा वर असेल तर हवा खातो. हवा खाल्ली की इंजिन एकदम किंचाळतं आणि नाव थांबते.

बुडाखाली मधोमध पट्टी असेल तर ती पंख्याच्या आधी फूटभर संपवा, नाहीतर तिच्या मागचं घुसळलेलं पाणी थेट पात्यांवर येतं.

दोन्हीकडून निमुळत्या लाकडी डोंग्याला मागे फळीच नसते. तिथे बाजूला लोखंडी कंस लावून मोटर टांगतात. चालतं, पण नाव एका बाजूला वळत राहते आणि भार त्या हिशेबाने ठेवावा लागतो.

फळी मजबूत हवी. हाय थ्रस्ट मोटर पूर्ण मुठीवर शंभर किलोच्या वर रेटा देते, शिवाय तिचं वजन चाळीस किलोच्या वर. पत्र्याच्या फळीला आतून-बाहेरून १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय लावा. क्लॅम्प घसरत नाही आणि मोटरचं अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला थेट टेकत नाही. मोटरला वेगळी साखळी किंवा जाड दोरी बांधाच. क्लॅम्पचे स्क्रू कंपाने ढिले होतात. आमच्याकडे एकाची मोटर वीस फूट पाण्यात गेली, ती गळ टाकून काढायला दोन दिवस लागले.

७. दोन-स्ट्रोक, चार-स्ट्रोक की बॅटरी

जड नावेला, रोजच्या फेऱ्यांना चार-स्ट्रोक. पूर्ण ताकदीवर चार-स्ट्रोक एका हॉर्सपॉवरला तासाला लिटरच्या तिसऱ्या भागाइतकं पेट्रोल घेते, दोन-स्ट्रोक अर्ध्या लिटरच्या आसपास. दोन-स्ट्रोक हलकी असते आणि दुरुस्तीला सोपी. घेतलीच तर तेलाचं प्रमाण तिच्या पुस्तकात बघा. बऱ्याच मोटरींना ५० ला १ लागतं, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिली तेल. तेल आऊटबोर्डचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच हवं. मोटारसायकलचं टू-टी (2T) तेल पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनसाठी नाही.

पेट्रोलबद्दल एक इशारा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आऊटबोर्ड दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेल्या असतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात मोटर महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी बसतं. टाकी आणि मोटरच्या मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, दर दोन आठवड्यांनी पेट्रोल संपवा, आणि मोटर ठेवून देण्याआधी कार्ब्युरेटर रिकामा करा.

बॅटरीच्या मोटरबद्दल खूप जण विचारतात. ९.९ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७.४ किलोवॉट. १२ व्होल्ट, १०० अ‍ॅम्पिअर-तासाच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतून निर्धोकपणे ०.६ किलोवॉट-तास काढता येतात. पूर्ण ताकदीवर पाच मिनिटं. निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी पाच किलोमीटरने गेलात तर एक किलोवॉटच्या आत भागतं आणि अशा दोन-तीन बॅटऱ्यांवर तासभर चालते. शांत तलावावर पर्यटक फिरवायला हे चांगलं आहे. कट्टे वाहायला मी घेणार नाही.

८. जुनी मोटर घेताना

आपल्या भागात नवी मोटर लगेच मिळत नाही, म्हणून बरेच जण किनारपट्टीवरची जुनी आणतात. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मोटरच्या आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने गंजलेल्या असू शकतात. बघायला जाताना एवढं करा.

झाकण काढून नट-बोल्ट बघा, पांढरी भुकटी दिसली तर खारं पाणी आत गेलेलं आहे. खालचा स्क्रू काढून गिअर ऑईल बघा. ताकासारखं पांढरं असेल तर सील गेलं, पाणी आत शिरतंय. मोटर न्यूट्रलमध्ये ठेवून पंखा हाताने फिरवा आणि शाफ्ट डुलतो का बघा. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, दोघांत फार फरक नको. पिंपात पाणी भरून मोटर चालवून बघा, मागून पाण्याची धार जोरात यायला हवी. पाण्याशिवाय मोटर चालवून दाखवणाऱ्याकडून घेऊ नका, काही सेकंदांतही पंपाचं रबर जळतं.

मोटरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळला नाही तर तिथूनच परत या.

९. पाण्यावर चाचणी

लागणारं सामान: प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर (इंजिनचे फेरे मोजणारा), वेग दाखवणारा मोबाईल आणि नेहमीचा भार. टॅकोमीटर तुमच्या इंजिनच्या प्रकारावर सेट करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवेल.

नवी मोटर असेल तर पहिले दहा तास पूर्ण मूठ सतत धरू नका. त्यानंतर वारा नसलेल्या सकाळी, पूर्ण भार भरून, पूर्ण मूठ उघडा. फेरे स्थिर झाले की आकडा लिहा. तोच मार्ग उलट्या दिशेने करा आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्या, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो.

मोटरच्या पुस्तकात पूर्ण मुठीवरच्या फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच छोट्या चार-स्ट्रोक मोटरींना ती ५००० ते ६००० आहे. फेरे त्याखाली राहिले तर पिच कमी करा. वर गेले तर पिच वाढवा. भरलेल्या नावेत आकडा मर्यादेच्या मधोमध आला तर पंखा बरोबर आहे. फेरे कमी असताना पूर्ण मूठ धरून चालवत राहणं सगळ्यात वाईट. ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये घालून नांगर ओढल्यासारखं ते आहे. इंजिन तापतं, कार्बन धरतं आणि वर्षभरात पिस्टनवर येतं.

दोन पंख्यांमधला चांगला कोणता हे ठरवायचं तर नाव दोरीने काठावरच्या भक्कम झाडाला बांधा आणि मधे धान तोलायचा दोनशे किलोचा हुकाचा काटा लावा. दोन्ही पंख्यांनी किती किलो ओढ येते ते बघा. पाच-सात सेकंदांच्या वर मूठ उघडी ठेवू नका आणि दोरीच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. दोरी तुटली तर फटका जीवावर बेततो.

१०. कागदपत्रं

यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नावेला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे सर्व्हे आणि नोंदणी लागते, आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरिटाईम बोर्ड बघतं. जलाशय पाटबंधारे खात्याचा असतो, तेव्हा त्यांची लेखी परवानगी वेगळी. मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतात, त्या संस्थेलाही विचारा. पेंच, नवेगाव-नागझिरासारख्या व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीतलं पाणी असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय मोटर पाण्यात उतरवू नका.

फाईलमध्ये ठेवा: मोटरचं बिल नंबरसह, वॉरंटी कार्ड, नाव बांधणाऱ्याचं बिल, नावेची मापं आणि फोटो, आधार, रहिवासी दाखला, संस्थेचं सभासदत्व असेल तर ते, आणि विम्याची पावती. भाड्याने माणसं नेणार असाल तर नोंदणीआधी एकही फेरी करू नका. सगळे तोंडी "चालते" म्हणतात, अपघात झाला की कुणी ओळख दाखवत नाही.

११. रोज नावेत काय ठेवायचं आणि काय बघायचं

एक जास्तीचा पंखा, त्याचा नट, वॉशर आणि स्प्लिट पिना. छोट्या मोटरींना शिअर पिन (पंखा आपटला की स्वतः तुटून गिअर वाचवणारी) असते, तिच्या पाच-सहा. पंखा काढताना वॉशर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने होते याचा मोबाईलवर फोटो काढा. प्लग, प्लगचा पाना, पक्कड, कोयता, दोरी, आणि दोन वल्ही. मोटर आहे म्हणून वल्ही घरी ठेवू नका. नावेतल्या प्रत्येक माणसाला लाईफ जॅकेट, अंगात घातलेलं. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी हाताला बांधलेली. भरलेल्या नावेचा काठ पाण्याच्या वर निदान फूटभर राहिला पाहिजे, एक कट्टा कमी न्या.

आपल्या पाण्याचे तीन त्रास सांगून थांबतो. पहिला रेती आणि गाळ. वैनगंगेचं गढूळ पाणी पंपातलं रबरी इम्पेलर झिजवतं. वर्षातून एकदा ते बदला, धार बारीक झाली तर आधीच बदला. दुसरा जलपर्णी. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्यावर ती माजते आणि भंडाऱ्याच्या बाजूला पाणी हिरवंगार झाकून टाकते. ती पंख्याला गुंडाळते आणि पाणी ओढायची जाळी बुजवते. धार बंद दिसली की लगेच इंजिन बंद करा. मग मोटर वर उचला आणि जाळी साफ करा. पंख्याला नुसतीच वेल अडकली असेल तर आधी थोडा रिव्हर्स देऊन बघा, बरीचशी सुटते.

तिसरा त्रास जाळ्याच्या नायलॉन धाग्याचा, आणि तो दिसत नाही. तुटलेल्या जाळ्याचा धागा पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळतो, घासून गरम होतो आणि सील कापतो. मग गिअर ऑईलमध्ये पाणी शिरतं. दर रविवारी पंखा काढा, मागे बोट फिरवून धागा बघा, शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा आणि पंखा परत बसवा. नवीन स्प्लिट पिन घाला, जुनी सरळ करून वापरू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे.